काळा पडलेला रुपया घासण्याआधी

(अभ्यास पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचायचा. ज्यांच्या घरी जुना रुपया आहे त्यांनी तो सोबत आणावा, पण आहे तसाच आणावा.)

ताईंनो, दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी एक काम ठरलेलं असतं. देव्हाऱ्यातली आणि डब्यातली चांदी बाहेर काढायची आणि चिंच, लिंबू, राख नाहीतर भांड्यांची पावडर घेऊन लख्ख करायची. लक्ष्मीपूजनाच्या ताटात काळी चांदी कशी ठेवायची? म्हणून टाक, निरांजन, करंडा यांच्याबरोबर सासूबाईंनी दिलेला राणी छाप रुपयाही घासला जातो.

टाक घासा, निरांजन घासा, हल्ली सराफाकडून घेतलेलं लक्ष्मीचं नाणंही घासा. त्यानं काही बिघडत नाही. पण जुना चलनातला रुपया घासण्याआधी थांबा, हे सांगायला हा पाठ लिहिला आहे.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. चांदे, नांदे, मुलखेड, घोटावडे या भागात जमिनी विकल्या गेल्या, बंगले आले, जुनी घरं पाडली गेली. कागदावर नाव बहुतेक वेळा घरातल्या पुरुषांचं असतं. बाईच्या हातात तिचं स्वतःचं असं काय उरतं? आईनं दिलेले चार रुपये, आजीच्या माळेतले सात रुपये, एखादी पावली. मुलीची फी, दवाखाना, गटाचा हप्ता अडला की आधी हीच पुडी बाहेर येते. आणि नेमकी तीच वस्तू विकताना आपल्याला तिच्यातलं काही कळत नाही. समोरचा म्हणतो, "घासलंय हो, घट धरावी लागेल." आपण मान डोलावतो. बैठकांमध्ये ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यावर एक पाठ व्हायलाच हवा असं वाटलं.

दोन गिऱ्हाइकं, दोन हिशोब

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. जुन्या चांदीच्या नाण्याला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात.

पहिला सराफ. त्याला चांदी हवी असते. तो नाणं आटवणार, त्यामुळे वर राणी आहे की राजा, नाणं काळं आहे की गोरं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वजन आणि टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध, एवढ्या दोन गोष्टींवर भाव ठरतो.

दुसरा नाणी जमवणारा, म्हणजे संग्राहक. त्याला नाणं नाणं म्हणून हवं असतं. साल कोणतं, टांकसाळ कोणती, चेहऱ्यावरचे बारकावे शाबूत आहेत का, आणि मूळचा पृष्ठभाग तसाच आहे का, हे तो बघतो. घासलेलं, भोक पाडलेलं, कडी लावलेलं नाणं त्याच्या दृष्टीनं उतरलेलं असतं.

म्हणजे बघा, घासण्यानं सराफाकडचा भाव कमी व्हायचं कारण नाही, पण संग्राहकाकडचा भाव नक्की उतरतो. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. सराफ घासल्याची घट धरतो आणि संग्राहकाकडे जायच्या आधी आपण मुद्दाम घासून नेतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

आधी ओळख : रुपया कुणाचा, चांदी किती

इंग्रज अमदानीतला रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅम वजनाचा होता, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. रुपयानंच तोळा मोजायचा आणि ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर, ही रीत त्यातूनच चालत होती. १८३५ पासून सगळीकडे एकसारखा रुपया सुरू झाला आणि १९३९ सालापर्यंतच्या रुपयात १२ भागांपैकी ११ भाग चांदी होती, म्हणजे १०० त सुमारे ९१.७. एका रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम.

१९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली, म्हणजे ५.८३ ग्रॅम. महायुद्धामुळे चांदीची टंचाई होती. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे. त्यात चांदी अजिबात नाही आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. तो खोटा नव्हे, फक्त चांदीचा नव्हे.

साल इंग्रजी आकड्यांत, बहुतेक आकड्याच्या बाजूला असतं. मोबाईलवर नंबर वाचता येतो तिला सालही वाचता येतं. झिजून साल दिसत नसेल तर चेहऱ्यावरून ओळखा:

– मुकुट नसलेला, दाढी नसलेला राजा किंवा मुकुट नसलेली राणी : १८३५ आणि १८४० सालांचे, कंपनी सरकारचे रुपये.
– मुकुट घातलेली राणी : व्हिक्टोरिया, १८६२ ते १९०१.
– टक्कल, दाढी, डोक्यावर मुकुट नाही : एडवर्ड, १९०३ ते १९१०.
– मुकुट, दाढी आणि अंगावर झूल-झगा : पाचवा जॉर्ज, १९११ पासून.
– मुकुट आहे पण दाढी-मिशी नाही : सहावा जॉर्ज, १९३८ पासून. इथे साल नीट बघा, कारण निम्म्या चांदीचे रुपये याच राजाचे आहेत.

एक खूण आणखी आहे. १९४० नंतरच्या रुपयाच्या काठावर उभ्या रेघांच्या मध्यातून एक खोलगट पट्टी फिरते. आधीच्या रुपयांच्या काठाला नुसत्या उभ्या रेघा असतात. "सगळेच जुने रुपये निम्म्या चांदीचे" असं कुणी म्हटलं तर काठ दाखवा आणि साल दाखवा.

अधेली रुपयाच्या निम्म्या वजनाची, पावली चौथाई आणि चांदीची चवली आठव्या हिश्शाची. टंचाचा नियम तोच.

काळेपणा म्हणजे मळ नव्हे

चांदी काळी का पडते? हवेत गंधकाचा अंश असतो. चुलीच्या धुरातून, अंड्यातून, रबरातून, लोकरीतून तो येतो. तो चांदीच्या वरच्या थराला लागला की तिथे गंधक आणि चांदी मिळून एक पातळ काळसर थर तयार होतो. म्हणजे तो थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नाही, त्यात नाण्याचीच चांदी आहे.

आता राखेनं किंवा पावडरीनं घासलं की काय होतं? काळा थर जातो आणि त्याच्याबरोबर चांदीही जाते. फार नाही, काट्यावर कळणारही नाही इतकी. पण नाण्याच्या अंगावर हजारो बारीक रेघा उठतात. चिंच-लिंबाच्या आंबटात बुडवून ठेवलं तर रेघा उठत नाहीत, पण टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी मरते आणि नाणं पांढरंफटक दिसायला लागतं. काळेपणा पुढे परत येईल. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

घासलेलं नाणं ओळखायच्या पाच खुणा

बसायला खिडकीजवळची जागा घ्या. खाली जाड कापड पसरा, म्हणजे नाणं हातातून निसटलं तरी काठाला मार लागणार नाही. नाणं नेहमी काठाला, दोन बोटांत धरा. चेहऱ्यावर अंगठा टेकवू नका, घामाचा ठसा पुढे डाग होऊन बसतो. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा.

पहिली खूण, उजेडाची. नाणं हळूहळू तिरपं करत फिरवा. कमी वापरलेल्या आणि न घासलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरताना दिसतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही. सगळीकडून एकच सपाट चमक येते, नव्या स्टीलच्या ताटलीसारखी.

दुसरी खूण, रेघांची. मोकळ्या जागेत, म्हणजे चेहऱ्याच्या पुढे-मागे, तिरप्या उजेडात बघा. एकाच दिशेनं जाणाऱ्या किंवा गोल गोल फिरलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर नाणं घासलेलं आहे. वापरातून पडलेले ओरखडे वेगळे असतात. ते कमी-जास्त खोल आणि वाटेल त्या दिशेचे असतात.

तिसरी खूण, कोनाकोपऱ्यांची. वापरलेल्या पण न घासलेल्या नाण्यावर गाल, मुकुट असे उंच भाग फिकट आणि अक्षरांच्या आजूबाजूचा खोलगट भाग गडद असतो. हा बदल हळूहळू होत गेलेला दिसतो. घासलेल्या नाण्यावर मोकळी जागा पांढरी आणि अक्षरांच्या अगदी कडेला काळी किनार अशी एकदम तुटक सीमा दिसते, कारण बोट किंवा घासणी तिथपर्यंत पोचत नाही. कधी त्या फटीत पावडरीचा पांढरा कणही अडकलेला सापडतो.

चौथी खूण, झीज आणि चमक यांच्या मेळाची. राणीचे केस झिजून सपाट झाले आहेत, मुकुटावरची नक्षी गेली आहे, आणि तरी नाणं नव्यासारखं पांढरं? हे जुळत नाही. इतकी वर्षं हातोहात फिरलेला रुपया करडा असायला हवा. म्हातारीच्या चेहऱ्यावर सुरकुती नसेल तर संशय यावा तसंच हे.

पाचवी खूण, खोट्या काळेपणाची. घासल्याचं लपवायला काही जण नाणं मुद्दाम काळं करतात. खरा काळेपणा करडा, निळसर, तपकिरी असा थर चढत गेलेला असतो. मुद्दाम केलेला बहुधा सगळीकडे एकसारखा किंवा धब्ब्याधब्ब्यांचा असतो, आणि त्याच्याखाली बारीक रेघा दिसतात. आधी रेघा, वर काळं, म्हणजे आधी घासलं आणि मग रंगवलं.

एका खुणेवरून निकाल देऊ नका. निदान दोन-तीन खुणा जुळल्या तरच "घासलेलं" म्हणा.

इजा झालेलं नाणं

घासणं वेगळं आणि इजा वेगळी. आपल्याकडच्या रुपयांना झालेल्या इजा बहुतेक दागिन्यांमुळे आहेत.

कडी : माळेत ओवायला रुपयाला वर कडी लावायचे. कडी काढली तरी खूण राहते. चेहऱ्याच्या वरच्या बाजूचा काठ बघा. तिथल्या उभ्या रेघा बुजलेल्या असतात, कानशीनं घासून सपाट केलेल्या असतात, नाहीतर डाखाचा वेगळ्या रंगाचा डाग असतो.

बुजवलेलं भोक : भोक भरून वर अक्षर किंवा नक्षी परत कोरतात. भिंगातून बघितलं तर बारीक गोल कडा दिसते, आणि तिथलं अक्षर शेजारच्या अक्षरापेक्षा वेडंवाकडं असतं. आरपार भोक असल्यामुळे दोन्ही बाजूंना समोरासमोर खूण हवी, हे ताडून बघा.

वाकलेलं नाणं : काचेवर ठेवून बोटानं एका कडेला हलकं दाबा. डुगडुगलं तर वाकलेलं आहे.

सराफी ठसे : पूर्वी सराफ चांदी खरी आहे का हे तपासून नाण्यावर बारीकसा ठसा मारत किंवा छोटा काप देत. ही कुणी हल्ली केलेली खोडी नाही, त्या काळच्या व्यवहाराची खूण आहे. संग्राहकाकडे किंमत कमी होते, पण नाणं खोटं ठरत नाही.

मातीतला रुपया : जमिनीत पुरलेल्या नाण्यावर बारीक खड्डे पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. घासून खड्डे जात नाहीत, उलट उठून दिसतात.

आणि जी इजा नाही तिला इजा म्हणू नका. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया होता. त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण आणि फारसी अक्षरं असतात. ही नाणी हातानं, ठशावर घण मारून पाडलेली. त्यामुळे ती पुरती गोल नसतात, अक्षरं एका बाजूला सरकलेली किंवा अर्धी कापलेली दिसतात. ती जन्मतःच तशी आहेत. शिवराई तांब्याची असते, पण नियम तोच. हिरवी पडली म्हणून चिंचेत टाकू नका.

खरं की खोटं

जत्रेत, रस्त्यावर विकायला येणाऱ्या "जुन्या" रुपयांत खोटे पुष्कळ असतात. तीन सोप्या चाचण्या घरी होतात.

वजन : ग्रॅममध्ये दोन दशांश दाखवणारा छोटा काटा गटानं मिळून एक घ्यावा. चांगला रुपया ११.६६ च्या आसपास भरतो, खूप झिजलेला थोडा कमी. अकरा ग्रॅमच्याही खाली गेला तर शंका घ्या. कडी असेल तर तिचं वजन धरून हिशोब करा.

चुंबक : चांदी चिकटत नाही. चिकटलं आणि १९४७ चा वाघाचा रुपया नसेल तर ते चांदीचं नाही. पण चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असंही नाही. पितळ, तांबंही चिकटत नाही.

आवाज : "नाणं खणखणीत आहे" असं आपण माणसाबद्दलही म्हणतो, ते यावरूनच आलं आहे. पण पूर्वीसारखं फरशीवर आपटू नका, काठ चेपतो. नाणं बोटाच्या टोकावर आडवं तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी द्या. चांदी बारीक आवाजात लांबवर वाजत राहते. शिशाचं ओतीव नाणं थप्प करतं. चिरलेलं किंवा डाख दिलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून एकट्या आवाजावर विसंबू नका.

ओतीव खोट्या नाण्यावर भिंगातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि काठावर साच्याची जोडरेघ दिसते. अक्षरांच्या कडा साबण विरघळल्यासारख्या गुळगुळीत असतात.

दोन सालं लक्षात ठेवा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून तो मागे घेतला आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. दुसरं साल १९३९. हा रुपया फार थोडा बाहेर आहे, म्हणून १९३८ चा शेवटचा आकडा कोरून ९ करणारे लोक असतात. असा रुपया हाती आला तर शेवटचा आकडा भिंगाखाली बघा. बाकी आकड्यांसारखाच जाड आणि उंच आहे का? आजूबाजूची जागा खरवडलेली आहे का?

उलट बाजूही सांगते. जुनं म्हणजे महाग असं नसतं. १८६२ साल असलेले रुपये भरपूर आहेत, कारण १८७४ पर्यंत तेच साल छापत राहिले. आपल्या घरातले बहुतेक रुपये असेच साधे असतात. त्यांची किंमत चांदीएवढी किंवा थोडी जास्त. लाखाची स्वप्नं बघू नका, पण चांदीएवढी किंमत मात्र सोडू नका.

सराफाच्या दुकानात काय बोलायचं

हिशोब सोपा जावा म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. खरा भाव त्या दिवशीचा बघायचा. १९३९ पर्यंतचा पुऱ्या वजनाचा एक रुपया म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १,०६९ रुपये. १९४० ते १९४५ चा म्हणजे ५८३ रुपये. आटणीचा खर्च आणि दुकानदाराचा नफा यातून थोडा जाणार, ते वाजवी आहे. पण खालच्या गोष्टी नीट समजून घ्या.

"घासलंय म्हणून घट." नाही. घासून जी कणभर चांदी गेली ती काट्यावर आधीच कमी झाली आहे. तीच परत कापायचं कारण नाही.

"भोक आहे म्हणून घट." तेही नाही. भोकातली चांदी गेली, वजन कमी भरलं, विषय संपला.

"डाख आहे म्हणून घट." हे बरोबर आहे. डाखात दुसरे धातू असतात. किती डाख आहे ते दाखवा म्हणायचं आणि तेवढीच घट मान्य करायची. कडी वेगळी काढून वेगळी तोलायला सांगायची.

"दहा रुपये, म्हणजे दहा तोळे." इथे सगळ्यात सावध राहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण हल्ली दुकानात तोळा म्हणजे बहुधा १० ग्रॅम. दहा पुऱ्या वजनाचे रुपये ११६.६ ग्रॅम भरतात. दहा तोळे म्हणून १०० ग्रॅमचे पैसे घेतले तर जवळजवळ दीड रुपया फुकट गेला. म्हणून तोळ्यात बोलूच नका, ग्रॅममध्ये बोला. काटा आपल्यासमोर, आकडा आपल्याला दिसेल असा, आणि पावती वजनासकट.

शक्यतो दोघी-तिघींनी मिळून जा आणि दोन दुकानांत विचारा. संग्राहकाला दाखवायचं असेल तर आधी फोटो दाखवा, नाणं नंतर.

फोन आणि कायदा

"जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिराती मोबाईलवर येतात. मग नोंदणीचे पैसे, कराचे पैसे, कमिशन असं मागत जातात. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती असे पैसे मागत नाही. विकणाऱ्या बाईनंच आधी पैसे भरायचे, असं कुणी म्हटलं की फोन ठेवा.

पाया खणताना, शेतात किंवा जुन्या भिंतीत पुरलेली नाणी सापडली तर ती गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कसं कळवायचं ते पौडच्या तहसील कार्यालयात विचारता येईल. सापडलेल्या नाण्यांची माती झटकू नका, धुऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायलाही बंदी आहे, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी ध्यानात ठेवा.

मग पूजेचं काय?

पूजेत जुना रुपया ठेवायला काहीच हरकत नाही. काळा रुपयाही लक्ष्मीच आहे. त्याला वाटीत किंवा विड्याच्या पानावर ठेवा, हळदीकुंकू पानाला वाहा. पंचामृत लागलंच तर साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून काढा आणि मऊ सुती कापडानं टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. मातीचा थर असेल तर बॅटरीत घालायच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सुटेल तेवढी माती सुटू द्या. पूजेला चमकणारं नाणं हवंच असेल तर त्यासाठी एक नवं नाणं वेगळं ठेवा आणि ते खुशाल घासा.

ठेवताना प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पुडीत, जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून. रबर लावायचं नाही. मऊ प्लास्टिकची पिशवी नको, कालांतरानं चिकट हिरवट थर येतो. वर्तमानपत्रात बांधायचं नाही. चुलीच्या खोलीत डबा नको.

गटाचा गृहपाठ

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या वहीत अशी नोंद करायची : साल, चेहरा कुणाचा, वजन ग्रॅममध्ये, चुंबक लागतो का, घासल्याच्या खुणा किती, कडी-भोक-डाख आहे का, नाणं कुणाकडून आलं. दोन्ही बाजूंचा आणि काठाचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवायचा.

शेवटचा रकाना, "कुणाकडून आलं", रिकामा ठेवू नका. "आईनं, लग्नात दिला" असं लिहिलेलं असलं की उद्या वाटणीच्या वेळी किंवा घाईत विकायच्या वेळी वही तुमच्या बाजूनं बोलते. स्त्रीधन बाईचंच असतं, पण ते आहे हे लिहून ठेवावं लागतं.

उजळणीचे प्रश्न :
१. १९३९ आणि १९४२ च्या रुपयात चांदीचा फरक किती?
२. भोक असलेल्या रुपयावर सराफानं वेगळी घट धरावी का? का नाही?
३. नाणं झिजलेलं आहे, पण पांढरंशुभ्र आहे. तुम्ही काय समजाल?
४. पाच पुऱ्या वजनाचे रुपये किती ग्रॅम भरतील?

उत्तरं पाठातच आहेत. चौथ्याचं मात्र वहीवर करून दाखवा आणि शेजारणीचं तपासा.

— क्षेत्र समन्वयक, मुळशी